कोरडी कड

चंदनबालानं पातळ पात्यानं चकतीबाहेर आलेला जेल कडेकडेनं कापून काढला आणि यंत्र सुरू केलं. दोन चकत्यांच्या मध्ये पोळीएवढा पातळ जेल. वरची चकती इतकी हळू हलायची की डोळ्यांना दिसू नये. जेल किती घट्ट आहे, ते पडद्यावरची रेघ सांगायची.

तासाभरात रेघ चढू लागली.

“बघा की ताई! आपोआप घट्ट व्हायला लागलाय. सर म्हणाले, असं अजून कुणी दाखवलेलं नाही.”

अंकितानं मान हलवली. ती आठ महिन्यांनी प्रयोगशाळेत आली होती. बाळंतपणाआधी हे यंत्र दिवसभर तिचं असायचं. आता भिंतीवरच्या वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार चंदनबाला, आणि तिच्या वाट्याला शनिवारची दुपार. सर हिला ‘चंदन’ म्हणत. जिलेटिन हाडा-कातड्यापासून होतं म्हणून हिनं पहिल्याच आठवड्यात हात लावायला नकार दिला, तर सरांनी रागावायचं सोडून समुद्री शेवाळाचा अगर आणून दिला. अंकिताला तीन वर्षांत सरांनी काही आणून दिलं नव्हतं.

आणि रेघ खोटी होती. जेल घट्ट होत नव्हता, कडेनं वाळत होता. पहिल्या वर्षी अंकितानं हीच चूक करून चार महिने घालवले होते. चकतीच्या कडेला तेलाचं बारीक वळं दिलं की रेघ गुमान आडवी व्हायची.

एवढं एक वाक्य सांगायचं होतं.

“छान आलंय,” ती म्हणाली.

घरी तिच्या सासूबाई शालूबाई कोरेगावहून नातीसाठी येऊन राहिल्या होत्या.

“बाटली तोंडात धरंना बाई. तुजीच वाट बघती.”

अंकिता पोरीला घेऊन भिंतीला टेकली. पोरीनं दूध पिता पिता तिचं बोट मुठीत धरलं.

“तुज्या कामावरच्या त्या दुसऱ्या पोरीचं कुठवर आलं गं?” शालूबाईंनी विचारलं.

“शुक्रवारी सगळ्यांपुढं मांडणार आहे. बाहेरचे दोन प्राध्यापक येणारेत.”

“आन तुजं?”

“राहिलंय माझं.”

“लय दिस लावता बाई तुमी. खीर घट्ट झाली का न्हाई, ते मी नुसत्या पळीवरनं सांगती.”

अंकिता हसली. मग त्या बाहेरच्या प्राध्यापकांपैकी एकजण विचारतोय, चंदनबालाला उत्तर येत नाही, सर खाली बघताहेत, असं सगळं तिला दिसलं. बरं वाटलं. पोरीनं मूठ आवळली तशी ती दचकली. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चंदनबालानं डबा पुढे केला. “आईनं दिलेत. डिंकाचे लाडू, बाळंतिणीला.”

अंकितानं एक लाडू तिथंच उभ्यानं खाल्ला. आणि सांगितलं नाही.

शुक्रवारी सभागृहात ती मागच्या रांगेत बसली. पडद्यावर तीच चढती रेघ आली.

“ही रेघ मी तीन महिने खरी मानली,” चंदनबाला म्हणाली. “ती चुकीची आहे. जेल वाळत होता. परवा कड जरा नखानं खरवडली, तेव्हा कळलं.”

कुजबुज झाली. तिनं कडेला तेल देऊन काढलेली दुसरी रेघ दाखवली. आडवी, सरळ. बाहेरचे प्राध्यापक पुढे झुकले.

“चूक फार फसवी आहे, सर. अंकिताताईंनी माझ्याशेजारी उभं राहून बघितलं होतं. त्यांच्यासुद्धा लक्षात आली नाही.”

आवाजात टोमणा नव्हता. अंकितानं तो शोधून पाहिला.

सर वळले. “तुलाही नाही कळलं, अंकिता?”

सगळ्या रांगा मागे वळल्या. अंकिता उभी राहिली. पदर सारखा केला.

“नाही सर. नाही आलं लक्षात.”

टाळ्या थांबल्यावर चंदनबाला मागे येऊन तिच्याजवळ वाकली. “ताई, नाव घेतलं म्हणून राग नाही न्हवं? मला एकटीलाच येडी म्हणतील म्हणून तुम्हाला सोबतीला घेतलं.”

अंकितानं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

“बस,” ती म्हणाली.