वाजत्या दगडाची मुकी दुपार

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे; पण पायरीचा किंवा पाट्याचा नव्हे. मी वाजतो. खालापूरच्या वर, डोंगराच्या उतारावरच्या ठाकूरवाडीच्या कडेला माझा मुक्काम आहे. गोट्याने ठोकलंत, तर माझ्यातून घंटेसारखा नाद निघतो.

माझा जन्म आगीतला. तापलेला शिलारस जमिनीच्या भेगेत शिरला, सावकाश थिजला आणि माझे कण एकमेकांना घट्ट धरून बसले. पुढे भोवतालची माती वाहून गेली. मी घसरत खाली आलो आणि तीन लहान दगडांच्या टोकांवर टेकलो. पोटाखाली मोकळी हवा राहिली. म्हणून मला थरथरता येतं, आणि थरथरलो की आवाज होतो.

हे पहिल्यांदा कळलं ते एका बाईला. तेव्हा माणसांना लोखंड माहीत नव्हतं, शेतीही नव्हती. ती माझ्यावर रानातली बी फोडायला बसली. पहिला घाव घातला आणि दचकून उठली. मागे पाहिलं, कोणीच नाही. दुसरा घाव घातला आणि खुदकन हसली. बी फोडायची राहूनच गेली! मग तिची माणसं माझ्याभोवती जमू लागली. टाळ्या, पायांना बांधलेल्या सुक्या शेंगांची खुळखुळ, पोकळ बांबूत घातलेली फुंकर आणि मध्ये मी. बांबू आणि शेंगा केव्हाच मातीत गेल्या. माझ्या अंगावर मात्र त्या ठोक्यांचे वाटीसारखे खळगे राहिले. बोट फिरवून पाहा, आतून गुळगुळीत लागतात.

पुढे वाडी वसली आणि मला एक मानाचं काम मिळालं. मुलीचं लग्न असलं की तिचा मामा मला वाजवतो. तो नाद दरीपलीकडच्या वाडीत पोचला, की मगच नवऱ्याकडची माणसं निघतात. नाद नाही, तर वऱ्हाड नाही.

आता एकोणीसशे अडुसष्टच्या उन्हाळ्याची गोष्ट ऐका. खालच्या गावातला भातशेती करणारा चांगो आदल्या पावसाळ्यात धुक्यात वाट चुकला होता. वाडीतल्या लोकांनी मला ठोकलं, आणि तो आवाजाच्या रोखाने सुखरूप आला. "जागृत देव हाय ह्यो!" असं म्हणत त्याने उन्हाळ्यात मला शेंदूर फासला, शिळफाट्याहून सिमेंट आणलं आणि छान चौथरा बांधला. पोटाखाली मुरूम ठासून भरला. देव डुगडुगता कसा ठेवायचा?

लवकरच वाडीतल्या सोमीचं लग्न आलं. दुपारी तिच्या मामाने, जैतूने, मला ठोकलं. ठप्! पुन्हा ठोकलं. ठप्! मला ओरडावंसं वाटत होतं, पण अंग हलेना.

"देवानं मौन धरलं वाटतं," लग्नाला आलेला चांगो घाबरून म्हणाला.

"धरू दे की! पन पोरीचं लगीन त्यानं कशाला आडवावं?" जैतू वैतागला. पलीकडे नवरा बाशिंग बांधून कान देऊन बसला असणार. सूर्य कलत होता आणि मांडवात सोमीचे डोळे भरले होते.

लग्नाची गाणी म्हणणारी तिची आत्या चिंधी पुढे आली. तिने वाकून माझ्याखाली पाहिलं.

"चांगो, खालती काय भरलंस रं?"

"मुरूम. चांगला ठोकून, धुम्मस करून."

"मंग तोंडात भाताचा घास कोंबून तू गानं म्हन बघू!"

सगळे हसले. चांगो मात्र जागचा हलेना. "आत्ये, बांधलेला चौथरा फोडायचा? देव कोपंल गं!"

तेवढ्यात हळद लावलेली सोमी मांडवातून धावत आली आणि दोन्ही हातांनी चौथऱ्याच्या फटीतला मुरूम उकरू लागली. "कोपला तं माज्यावर कोपंल! मला जायाचं हाय!"

ते ऐकून चांगोला हसू फुटलं. त्याने स्वतःच पहार आणली. चौथऱ्याचा पहिला चिरा निखळला, मुरूम घसरला, माझ्या पोटाला वारा लागला. जैतूने गोटा उचलला.

मित्रांनो, तेव्हा मी असा वाजलो की झाडावरचे कावळे उडाले! दरीपलीकडून लगेच ढोल घुमला. "आले गं, आले!" चिंधीने गाणं उचललं, आणि सर्वांत आधी नाचू लागला तो चांगो.

त्याच्यावर माझा राग नाही. त्याने मायेनेच बांधलं होतं. तुम्हीही जुन्या वस्तूंवर माया करा, पण रंग लावण्याआधी, सिमेंट ओतण्याआधी त्यांना नीट ऐका. आणि कधी इकडे आलात तर लांबून नमस्कार करून जाऊ नका. गोटा उचला. मला वाजायला फार आवडतं.