अणशीच्या घाटातला श्वास

मयूरी कारवारहून कुंभारवाड्याला पोचली तेव्हा दुपार कलली होती. आई गेल्यापासून काशीमावशीनंच तिला वाढवलं होतं, म्हणून सुट्टी लागली की ती इथंच यायची. मावशी पडवीत बसून ओठ चोळत होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. मिरची लागली वाटतं, व्हट बधिर झाल्यागत झालंत. तू हात धू. तिसऱ्यांचं सुक्कं केलंय, मी आत्ताच जेवले."

भूक लागली होती. मयूरीनं टोपातली एक शिंपली उचलली, मांस तोंडात टाकलं, चावलं. आणि मग मावशी काय म्हणाली ते तिच्या डोक्यात शिरलं. ती धावत अंगणात गेली आणि थुंकली.

"मावशी, ह्या कुठनं आल्या?"

"कारवारच्याच. चवथ झाली न्हवं, मासळीवाला परत यायला लागलाय. का गं?"

मयूरी कारवारला समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास करत होती. पावसाळ्यात वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला सरकतं आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यात खत असतं. उजेड मिळाला की त्या खतावर डोळ्यांना न दिसणारं हिरवं पीक माजतं, आणि त्यावर सगळी मासळी जगते. यंदा थंड पाणी उशिरा वर आलं. त्यातच पाऊस उघडला, वारा पडला, ऊन तापलं आणि वरचं पाणी कोमट होऊन जागीच थांबलं. नेहमीचं पीक मागं पडलं. त्याच्या जागी एक वेगळीच जात वाढली, साखळ्या करून पोहणारी, विषारी. गेल्या आठवड्यात खाडीचं पाणी काव कालवल्यासारखं तांबूस झालं होतं. तिसऱ्या तेच पाणी गाळून पोट भरतात. त्यांच्यात साठलेलं विष शिजवून जात नाही. तिला शिकवणाऱ्या बाईंनी बंदरावर जाऊन तसं सांगितलंही होतं. पण ते विष घाट चढून जंगलात येईल, हे मयूरीच्या मनातही आलं नव्हतं.

"बोटांना मुंग्या येत्यात?" तिनं विचारलं.

"व्हय. तुला कसं कळलं?"

आधी ओठ, मग बोटं, मग पाय, मग छाती. उतारा कुठलाच नाही. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवायचा, एवढंच हातात.

शेजारचे झिलूकाका भाताच्या शेताकडून येत होते. ती ओरडली, "काका, सगळ्या घरांत जावा! तिसऱ्या कुणी खाऊ नका म्हणावं. ज्यांनी खाल्ल्या असतील त्यांना घेऊन या, आणि परशूची जीप आणा!"

जीप आली तेव्हा मावशीला उभं राहता येत नव्हतं. वाडीत बाकी कुणी तिसऱ्या अजून शिजवल्या नव्हत्या, एवढं एक बरं झालं.

"जोयड्याच्या दवाखान्यात?" परशूनं विचारलं.

"न्हाई, कारवारला. श्वासाचं मशीन तिथं हाय." हे बोलताना तिची जीभ तिलाच जड वाटली. खरंच जड झाली होती की भीतीनं, ते कळेना. ती जिभेनं पुन्हा पुन्हा दात चाचपत राहिली.

गावाबाहेरच्या चढावर रेंज मिळाली. तिनं बाईंना फोन लावला. "मी ॲम्ब्युलन्स पाठवते, घाटाखाली कद्र्याला भेटेल," बाई म्हणाल्या आणि फोन तुटला.

अणशीचा घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंनी रान दाटलेलं, उजेड मंदावलेला. मावशीचं डोकं मांडीवर घेऊन मयूरी तिच्या छातीकडं बघत होती. छाती वर आली, खाली गेली. मग नुसती थरथरली. मग हललीच नाही. डोळ्यांच्या पापण्याही मिटल्या.

"परशूदादा, मावशी श्वास घेत न्हाई!"

"गाडी थांबवू?"

"थांबवू नको!"

अभ्यासासाठी बोटीवर जाण्याआधी सगळ्या विद्यार्थ्यांना एकदा शिकवलं होतं, रबरी बाहुलीवर. तिनं मावशीचं नाक दाबलं, तोंडावर तोंड ठेवलं आणि फुंकलं. छाती वर आली. पुन्हा फुंकलं. वळणावर जीप कलंडली की दात ओठांवर आपटत. मधे एकदा तिला घेरी आली. परशूनं विचारलं, "जीव हाय न्हवं?" नाडी लागत होती. ती रडत म्हणाली, "जगंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई," आणि परत खाली वाकली. बाहेर बघायची तिची हिंमत नव्हती. किती वळणं उरलीत ते मोजलं असतं तर हात गळाले असते.

कद्र्याला ॲम्ब्युलन्समधल्या माणसानं मावशीच्या तोंडावर मुखवटा बसवला आणि पिशवी दाबू लागला. मयूरी रस्त्यावरच खाली बसली. परशूनं तिला उचलून आत बसवलं.

मावशी मशीनवर राहिली. दुसऱ्या दिवशी तिची बोटं हलली. त्यानंतर घशातली नळी काढली. मयूरीला काहीच झालं नाही. झिलूकाका पेज घेऊन आले, पण मावशीनं आधी मयूरीचा हात धरला.

"मला सगळं ऐकू येत हुतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "डोळं उघडत न्हवतं, पर ऐकू येत हुतं. तू परशूला बोललीस, त्ये बी."

मयूरी खाटेच्या कडेला बसली.

"भ्या वाटलं गं," मावशी म्हणाली. "तू मधेच थांबशील म्हणून लई भ्या वाटलं."