सुभेदारांची रिकामी पिशवी

सुभेदार हंबीरराव दर रविवारी गुळगुळीत दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि खांद्याला पिशवी अडकवून सांगलीची एस.टी. धरायचे. दिवेलागणीला परत यायचे. पिशवी रिकामी आणि हाताला मात्र माशाचा वास. असे दोन-तीन रविवार गेल्यावर रंगूबाईच्या मनानं घेतलं, की पाणी कुठंतरी मुरतंय.

"कुठं निगालासा?" तिनं एकदा विचारलं.

"क्लासला."

"कसला क्लास, ह्या वयात?"

"मासं धरायचा."

आता कृष्णाकाठच्या गावात मासे धरायचा क्लास असतो हे ऐकून दावणीच्या म्हशीही हसल्या असत्या. इथं ज्याला धड चड्डी बांधता येत नाही तोही गळाला गांडूळ लावून काठावर बसतो. आणि हा पन्नाशी उलटलेला, फौजेतून पेन्शनीत आलेला गडी त्यासाठी तिकीट काढून सांगलीला जाणार! बरं, गेला तर गेला. धरलेला मासा कुठंय?

"सोडला," सुभेदार म्हणाले.

"कुणाकडं?"

"कुणाकडं म्हंजे? पाण्यात. आमच्या मंडळाचा तसा नेम हाय. धरायचा, बघायचा, सोडायचा."

रंगूबाईला हे पटणारं नव्हतं. नवरा फौजेत असताना तिनं एकटीनं उसाची शेती केली होती, पाटकऱ्याशी भांडून पाण्याची पाळी घेतली होती, गुऱ्हाळावर काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला भर बाजारात उभा केला होता. शिजवलेला भात कुणी परत कणगीत ओतत नाही, एवढं तिला कळत होतं. मासा कुणाच्या तरी चुलीवर शिजत होता. प्रश्न एवढाच होता, की चूल कुणाची.

मग पुरावे सापडायला लागले. संशय एकदा घरात शिरला की त्याला पुराव्यांची कमतरता पडत नाही. सदरा धुताना खिशात जरीची एक तार निघाली. पुढच्या खेपेला तांबड्या रेशमाचा गुंता निघाला. सुभेदार परड्यात काम करता करता गुणगुणायला लागले, आणि हा माणूस गुणगुणतो हे रंगूबाईला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. एका रविवारी तर जेवताना तिनं पाहिलं, त्यांच्या अंगठ्याच्या नखाला लाल नखरंग लागला होता. सिनेमातल्या बाया लावतात तसला, चकचकीत.

तिनं भाकरी वाढली.

शेजारच्या भामाबाईला मात्र तिनं सगळं सांगितलं. भामाबाईला रोगापेक्षा इलाज जास्त ठाऊक असायचे. तिनं आधी रंगूबाईच्या तांबड्या कोंबड्याकडं बोट दाखवलं. कोंबड्याची मान मागून बोडकी झाली होती.

"ही पिसं कुणी उपटली?"

"ह्यांनीच. म्हनं क्लासला लागत्यात."

"कोंबड्याची पिसं, लाल दोरा आन् जर? बाई गं, करनी हाय ही."

"करनी करून माझं काय घेनार कोन? आन् नखाला रंग लावून करनी कोन करतं?"

भामाबाईनं कोंबड्याला हाकललं. मग म्हणाली, "मग बाईच हाय."

हेच ऐकायचं होतं आणि हेच ऐकायचं नव्हतं. रंगूबाई घरी येऊन जोत्यावर बसली. दुसरी एखादी रडली असती. पण रडायची सवय तिची कधीच मोडली होती, आणि ती कशी मोडली हे सांगायला हवं, नाहीतर तिच्या पोटात काय तुटत होतं ते कळायचं नाही.

त्यांच्या गावात घराआड एक माणूस फौजेत. तिथल्या सासवांचा सुनांना एक दंडक होता, की रजेवर आलेल्या माणसापुढं रडायचं नाही. घरातलं दुःख बरोबर घेऊन गेलेला शिपाई सरहद्दीवर चुकतो, आणि तिथली चूक म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. रंगूबाईची पहिली लेक, विजयमाला, पाळण्यातच तापानं गेली. तेव्हा सुभेदार काश्मिरात होते, साधे शिपाई. त्यांनी पोरीचं तोंडही पाहिलं नव्हतं. ते रजेवर यायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी रंगूबाईला जवळ घेऊन बजावलं, "तेच्यापुढं नाव काढायचं न्हाई. टिपूस काढायचं न्हाई. आला तसा हसत गेला पायजे." तिनं दातांखाली पदर धरून ते पाळलं. पण तिला वाटत होतं, तो तरी विचारील. एका शब्दानं विचारील. त्यानं विचारलं नाही. छप्पर शाकारलं, बैलांना नाल मारून आणले, पाळणा माळ्यावर टाकला आणि रजा संपल्यावर निघून गेला.

पुढं दोन मुलगे झाले, मोठे झाले, नोकऱ्यांना लागले. सासूबाई गेल्या. पण ती गाठ तशीच राहिली. ह्या माणसाला काळीज नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं आणि त्याच्यावर संसार केला होता. काळीज नसलेला नवरा सोसता येतो. काळीज आहे, पण ते सांगलीला कुणा नखरंगवालीच्या दारात ठेवलंय, हे मात्र तिला सोसणार नव्हतं.

पुढच्या रविवारी सुभेदार गेले आणि मागच्या एस.टी.नं ती निघाली. भामाबाई म्हणाली, "मी येते संगं, झिंज्या उपटायला दोघी बऱ्या." रंगूबाईनं तिला घरी बसवलं. असल्या कामाला साक्षीदार नको होता.

वाचनालयाच्या मागची खोली, एवढं त्यांच्या तोंडून कधीतरी निसटलं होतं. ती विचारत विचारत तिथं पोहोचली. मागच्या बोळात एक खिडकी उघडी होती. पदर डोक्यावर घट्ट ओढून तिनं आत डोकावलं.

आत नुसते बाप्ये. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना माना खाली घालून बसले होते. प्रत्येकापुढं लोहाराकडं असतो तसल्या पकडीचा एकेक बारका शेगडा, त्यात धरलेला गळ, आणि त्या गळावर जो तो रेशीम गुंडाळत होता. कुणी पीस लावत होता, कुणी जर फिरवत होता. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकाही एवढ्या मन लावून बसत नाहीत. ह्या लोकांनी पिसांची खोटी माशी बनवायची आणि दुपारनंतर नदीवर जाऊन ती पाण्यावर नाचवून मासा फसवायचा, असा तो सगळा उद्योग होता. टेबलाच्या टोकाला मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब होते, पाटबंधाऱ्यात इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, सोनेरी चष्मेवाले. त्यांच्यासमोर लाल नखरंगाची बाटली होती. माशी तयार झाली की एकेकजण उठायचा आणि गाठ सुटू नये म्हणून तिच्या डोक्यावर नखरंगाचा ठिपका द्यायचा.

रंगूबाईला हसू यायला पाहिजे होतं. ते आलं नाही. नखरंगाचा उलगडा झाला, पण बाईचा कुठं झाला होता? ही दुपारपर्यंतची बतावणी असेल. इथून सुटल्यावर माणूस कुठं जातो ते बघितल्याशिवाय ती हलणार नव्हती.

तेवढ्यात लालासाहेबांनी टाळी वाजवली. आज साताऱ्याहून मत्स्यखात्याचे कुणी साहेब पाहुणे वक्ते म्हणून यायचे होते, पण त्यांची गाडी वाटेत बंद पडल्याचा फोन आला होता. "तेव्हा आज आपल्या सुभेदारांनी बोलावं," लालासाहेब म्हणाले. "दर वेळी कोपऱ्यात बसतात आणि ताकास तूर लागू देत नाहीत. ही विद्या तुम्हाला कुठं मिळाली ते तरी सांगा."

सुभेदार उठले. परेडला उभं राहावं तसे उभे राहिले. रंगूबाई खिडकीच्या बाजूला सरकली.

"मी काय सांगनार साहेब? आमची पलटन काश्मिरात हुती. आमच्या मेजरसाबला ह्या गळाच्या काठीचा लय नाद. मी त्येंची काठी उचलायचो. बघून बघून शिकलो. बस."

"आणि धरलेला मासा सोडायचा, हेही त्यांनीच शिकवलं?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई. मेजरसाब तळून खायचे." लोक हसले. सुभेदार हसले नाहीत. "सोडायचं माझं मीच शिकलो. त्या हिवाळ्यात घरनं निरोप आला, लेक गेली म्हनून. मी तिला बघितली न्हवती. रजा मिळंना, रस्ता बर्फानं बंद. मेजरसाबनी काठी माझ्या हातात दिली आन् म्हनाले, जाव, नदीपे बैठो. बसलो. मासा लागला. हातात घेटला तर त्येचं सगळं अंग धडधडत हुतं. मला वाटलं, ह्यो येक तरी जिता जाऊ दे. पाण्यात धरून ऱ्हायलो. त्येच्यात जीव आला आन् गेला. मग रडलो. नदीचा आवाज लय मोटा असतोय तितं. कुनाला ऐकू गेलं न्हाई."

लालासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरी गेल्यावर मन हलकं झालं असेल," लालासाहेब हळूच म्हणाले.

"कुठलं? आईनं वेशीवरच गाठलं मला. म्हनली, तुझी बायको आत्ता कुठं चार घास खाया लागलीया. तिच्यापुढं पोरीचं नाव काढू नगंस, पुन्ना आजारी पडंल. न्हाई काढलं. आजपातूर न्हाई."

रंगूबाईनं खिडकीचा गज धरला. दोघांनाही बजावलं होतं म्हातारीनं, एकीला घरात आणि एकाला वेशीवर. तिला सासूचा असा राग आला, की ती जिवंत असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण म्हातारीनं ते दोघांच्या मायेपोटीच केलं होतं, त्यामुळं धड शिवी देण्याचीही सोय नव्हती. आणि तिला स्वतःचाही राग आला. एवढी वर्षं ह्या माणसाच्या ताटात भाकरी वाढली आणि एकदा त्याचा हात धरून विचारलं नाही.

ती बोळातून वळली, पुढच्या दारानं सरळ खोलीत गेली. टेबलावरची सगळी डोकी वर झाली.

"कोण पाहिजे, बाई?" लालासाहेबांनी विचारलं.

"ह्यांच्या घरची हाय मी."

सुभेदारांचा चेहरा पांढराफटक पडला. खरोखरच दुसऱ्या बाईच्या घरात सापडले असते तरी एवढा पडला नसता. "अगं, तू... कवा आलीस?"

"काश्मिरापासनं हाय," ती म्हणाली. "भाषान झालं असंल तर चला."

एस.टी. स्टँडवर एका बाकड्यावर दोघं बसले. सुभेदार दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत होते. गावची गाडी लागली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. कुणी उठलं नाही.

"खालचं दोन दात आलं हुतं तिला," रंगूबाई म्हणाली.

सुभेदार तिच्याकडं वळून बसले.

"तुमचा वर्दीतला फोटू दावला की हात फुडं करायची. दिला की चावायची. कोपरा खाल्ला तेचा."

"आन्?"

"झोपताना माझा कान धरायची. धरल्याबिगर डोळं मिटायची न्हाई."

"आन्?" सुभेदार म्हणाले. "कुनावर गेल्ती?"

"तुमच्यावर," रंगूबाई म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, भर स्टँडवर, लोकांच्या देखत, ती नवऱ्यापुढं रडली.