मशीनशी बोलणारी आई

शिंपीणबाई मशीनशी बोलायच्या. डोकं ठिकाणावर होतं, कान शाबूत होते. पण लेक दुकानात आली की लेकीशी बोलायची सोय नव्हती.

झालं होतं एवढंच, की लेकीने रस्त्यापलीकडच्या चर्चमधल्या सुताराशी लग्न केलं. प्रभू तोच, शास्त्र तेच. पलीकडची घंटा तेवढी अर्धा तास उशिरा वाजायची. पण अलीकडच्या, म्हणजे बाईंच्या चर्चच्या मंडळीत रीत होती. पलीकडे गेलेल्या पोराच्या आईबापांनी बायबलवर हात ठेवायचा आणि शपथ घ्यायची, ‘त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही.’ शिंपीदादांनी खाकरत घेतली, बाईंनी रडत. आणि देवाला दिलेल्या शब्दाच्या बाई इतक्या पक्क्या, की उपासाच्या दिवशी सवयीने दोरा दातांनी तोडला म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास धरला होता.

त्या मंगळवारी लेक निळा झगा कमरेत तंग करून घ्यायला आली.

“काय गं मशीनबाई,” बाई चाक फिरवत म्हणाल्या, “काही माणसं जेवतात, की सुताराकडचा भुसा खातात?”

“मशीनबाई, त्यांना सांग,” लेक म्हणाली, “सुतारच स्वयंपाक करतो. भुसा परवडला.”

बाईंना हसू फुटलं. मग टेप कमरेभोवती गेला आणि ते हसू तोंडावरच वाळलं. मागल्या महिन्यात अठ्ठावीस होती, आज चोवीस.

“ताप येतो का, विचार गं.”

“येतो म्हणावं. रोज संध्याकाळी.”

पंधरा दिवसांत लेक दवाखान्यात पोचली. बाई खाटेशी बसल्या. तिथे मशीन कुठली? त्या सलाईनच्या बाटलीशी बोलल्या, खिडकीच्या गजांशी बोलल्या. लेकीने डोळे उघडले.

“आई, बाटलीशी नको. एकदा मला ‘बाळा’ म्हण ना.”

बाईंनी तोंड उघडलं. शपथ मोडली आणि देवाने हिलाच उचललं तर? त्या तशाच उठल्या आणि शपथ सोडवून घ्यायला मंडळीच्या पंचांकडे, बेकरीवाल्याकडे पळाल्या.

पंच भट्टीपुढे उभे होते. “शब्द तुम्ही देवाला दिलाय, बाई. मी एकटा कसा सोडवू? रविवारी बैठक आहे. अर्ज द्या.”

“आज गुरुवार आहे हो.”

“मग काय, तीनच तर दिवस.”

बाईंनी अर्ज दिला आणि परत येऊन लेकीचा हात धरून बसल्या, मुक्यासारख्या. शनिवारी दुपारी लेक म्हणाली, “आई.” आईच्या तोंडाकडे बघत थांबली. बराच वेळ थांबली. सुताराने पुढे होऊन तिचे डोळे मिटले, तरी बाईंचे ओठ घट्टच होते.

रविवारी बैठक भरली. पंचांनी अर्ज वाचला. मान वर न करता म्हणाले, “मंजूर. बाई, आता तुम्हाला बोलायला हरकत नाही.”

शिंपीदादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पंचांनी पान उलटलं. दूधवालीच्या मुलाने पलीकडची मुलगी केली होती. दूधवाली टेबलापाशी आली, तिने बायबलकडे हात नेला. तोवर शिंपीणबाई उठून तिथे पोचल्या होत्या. त्यांनी बायबलवर आपलाच हात ठेवला.

“बाई, खाली बसा. तुमचं काम झालंय.”

“झालं. काल दुपारी झालं,” बाई म्हणाल्या. “माझी लेक मी काही बोलेन म्हणून वाट बघत गेली. मला वाटलं, मी देवाशी इमान राखतेय. देवाने मला कधी गप्प बस म्हटलं नव्हतं, पंच. तुम्ही म्हटलंत आणि मी ऐकलं. तुमच्याइतकाच माझाही गुन्हा.” मग त्या दूधवालीकडे वळल्या. “ताई, हात मागे घ्या.”

दूधवालीने पंचांकडे पाहिलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं, आणि आपला हात मागे घेतला.

पंचांनी शपथेसाठी पुढच्या बाईचं नाव वाचलं. शिंपीणबाई टेबलापासून हलल्या नाहीत.