पश्चात्तापाचे कार्ड

मित्रांनो, माझे पिवळे पडलेले अंग पाहून नाक मुरडू नका. मी एका शब्दकोशाचे जुने कार्ड आहे. एके काळी मीही कोरे करकरीत होते. कचेरीत कार्डे सांभाळणाऱ्या ताईंनी वळणदार अक्षरात माझ्यावर शब्द लिहिला, 'पश्चात्ताप'. खाली त्याचे मूळ लिहिले: पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे पोळणे. चूक करताना काही वाटत नाही, चटका मागाहून बसतो. उदाहरणाची ओळ मात्र रिकामी राहिली, कारण संपादकांना मनासारखे वाक्य सुचत नव्हते.

कचेरीत एक कडक नियम होता. खणातून कार्ड नेले की त्याच्या जागी आपल्या नावाची लाल चिठ्ठी ठेवायची. नियम संपादकांचाच. तरी एका थंडीत वाक्य शोधायला म्हणून त्यांनी मला कोटाच्या खिशात टाकले आणि चिठ्ठी ठेवायला विसरले. ऊन तापू लागले तसा कोट कचेरीच्या कपाटात गेला, माझ्यासकट.

छपाईच्या वेळी माझी शोधाशोध सुरू झाली.

"ताई, कार्डाला काय पाय फुटले का?" संपादक म्हणाले.

"तुमच्याकडे तर नाही ना राहिलं? एकदा खिसे बघता का?"

"माझा नियम मीच मोडीन?" ते भडकले. सात वर्षांत एकही कार्ड हरवू न दिलेल्या ताईंना त्यांनी कामावरून काढले. मी चार हातांवर होते, पण मला तोंड नव्हते. त्याचे आजही वाईट वाटते.

पुढच्या थंडीत संपादकांनी कोट चढवला, खिशात हात घातला आणि मी त्यांच्या बोटांना लागले. त्याच दिवशी ते मला घेऊन ताईंच्या घरी गेले. ताई आता शिवणकाम करत होत्या. गळ्यात टेप होता.

"माझ्याच खिशात होतं. चुकलो मी, ताई. परत या."

"नको. आता मी खण उघडला, की लोक माझ्या हातांकडेच बघत बसतील." त्यांनी मला निरखले. "उदाहरण अजून रिकामंच की. लिहा इथे."

संपादकांनी लिहिले, 'कार्ड माझ्या खिशात होते आणि मी ताईंना घालवून दिले.' खाली सही केली.

ताईंनी मला बटणांच्या डब्यात ठेवले. मग लाल कागदाचा तुकडा शोधून त्यावर स्वतःचे नाव लिहिले.

"कार्ड माझ्याकडे राहील. ही चिठ्ठी त्याच्या जागी ठेवा. नियम आहे ना?"

मित्रांनो, कोणावर बोट रोखण्याआधी आपले खिसे चाचपून पाहा. मी तर सापडले. ताईंची जागा मात्र गेली ती गेलीच.