माझी हवा कोण सोडतं?

मी सायकल बोलतेय, आणि जरा तावातावानेच बोलणार आहे. कारण आम्हाला कुणी काही विचारत नाही आणि सोसावं मात्र सगळं आम्हालाच लागतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा हिरवा रंग असा चमकत होता की दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्यात स्वतःचा चेहरा बघून घ्यायचं. पहिल्या मालकाने मला व्यायामासाठी नेलं. दोन-तीन दिवस व्यायाम झाला. पुढची काही वर्षं मी त्याचे ओले टॉवेल वाळवले.

मग सध्याची मालकीण भेटली. ती कवळ्या बनवते. कुणी हसलं की आधी त्याचे दात बघते. तिची ताई लांब समुद्राकाठी राहते. ताईचे दिवस भरत आले होते. सरळ गाडीने जायचं सोडून आमच्या बाईसाहेबांना सायकलची हुक्की आली. "बाळाच्या आधी पोचते!" असा शब्द देऊन आम्ही निघालो.

वाटेत रोज कुणाकडे तरी मुक्काम. माणसं भली असतात, नाही म्हणत नाही. पण मालकिणीला गादी, उशी, गरम पाणी. आणि मला जिन्याखाली केरसुणीशेजारी जागा.

एका घरात मात्र मला थेट बाहेरच्या खोलीत घेतलं. काका नळदुरुस्ती करणारे, काकू पडदे शिवणाऱ्या. काकांनी माझे सैल नट आवळून दिले. काकूंनी माझ्या सीटला कव्हर शिवलं, तेही झालरीचं. या वयात मला झालर! लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं.

मुली नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरात दोघंच होती. मालकीण आली आणि घरात पुन्हा गप्पा सुरू झाल्या. तिने काकांची कवळी घासून नीट बसवून दिली, तेव्हापासून काका कारण नसताना हसायला लागले. मुक्काम एका रात्रीचा ठरला होता. सकाळी बघतात तर माझं मागचं चाक बसलेलं.

मालकिणीने ट्यूब काढून परातीतल्या पाण्यात धरली. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"कमालच आहे," काका म्हणाले. "आज राहा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पुढचं चाक बसलं.

"उन्हाने होतं कधीकधी," काकू म्हणाल्या. बाहेर ढग दाटले होते.

आता खरं काय ते सांगते. मागचं चाक काकांचं काम. व्हॉल्व्ह सैल करणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. पुढचं चाक काकूंचं. त्या केसांतली पिन काढून व्हॉल्व्ह दाबायच्या, की फुस्स! दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. मी बोंब मारली असती, पण आम्हाला घंटी वाजवायलाही दुसऱ्याचा अंगठा लागतो.

असे बरेच दिवस गेले. मग ताईचा फोन आला.

"कुठवर आलीस ग?"

"अजून तिथेच आहे."

"अग, तू येणार म्हणून मी सासूबाईंना येऊ नका म्हणून सांगितलंय! दवाखान्यात माझ्याबरोबर कोण असणार आता?" आणि ताई रडायलाच लागली. सगळ्या खोलीला ऐकू आलं.

त्या रात्री जेवताना काकूंनी आग्रह केला नाही.

सकाळी काका पंप घेऊन माझ्यापाशी आले. मागोमाग काकू, शेजाऱ्यांचा पंप घेऊन.

"तू कशाला?"

"पुढच्या चाकात हवा भरायला."

"पुढच्याला मी हातच लावला नव्हता!"

"म्हणजे मागचं तुम्ही?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि हसत सुटली. हसता हसता काकूंनी पदराने डोळे पुसले. मग काका मागे आणि काकू पुढे, अशी हवा भरायला लागली. चाकं दगडासारखी झाली तरी थांबेनात. मालकीण कधीची दारात उभी राहून ऐकत होती.

"काका, पुरे! एवढी कशाला?"

"लांब जायचंय ना तुला," काका म्हणाले आणि आणखी दोनदा पंप मारला.

आता आम्ही शेवटच्या चढावर आहोत. खारा वारा यायला लागलाय. बाळ अजून झालेलं नाही, ताई आमची वाट बघतेय. माझी चाकं थोडी बसलीत. आज मालकिणीने पंप काढला, चाक दाबून बघितलं आणि पंप परत पिशवीत ठेवला.

"पुरेल," ती म्हणाली.

तेव्हा रस्त्यात कुठे दिसलो तर जरा बाजूला व्हा, आम्हाला घाई आहे. आणि पंप पुढे करू नका. तुमची हवाही चांगलीच असेल, पण ही त्या दोघांनी भरलेली आहे.