आम्रपाली थांबा

मी रॅम्प बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून वर काय बघताय? खाली बघा. माझ्यावर जे चालतं ते बघायला लोक तिकीट काढतात आणि मला लाल गालिच्याखाली झाकतात. असो. तक्रार नाही, माहिती दिली.

मला माणसं खालून दिसतात. आधी तळवे, टाचा, आणि मग एकदम हनुवटी आणि नाकपुड्या. खालून कोणीच फारसं देखणं दिसत नाही, हे सांगून ठेवतो. त्यामुळे देखणेपणाबद्दल मला विचारू नका. चालण्याबद्दल विचारा.

माझा जन्म गैरसमजातून झाला. साल त्र्याण्णव. देश नुकताच खुला झाला होता, म्हणजे घरोघर केबल आली होती आणि पेठेतल्या पोरांनाही जीन्स हवी होती. बाणेर तेव्हा गाव होतं, ज्वारीचं. तिथला संभाजी शेती करून लग्नाचे मांडव घालायचा. एके दिवशी शहरातल्या मोठ्या हॉटेलातून विचारणा झाली, मुंबईच्या एका कापडगिरणीचा फॅशन शो आहे, तुमच्याकडे रॅम्प आहे का? संभाजीनं आजवर गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. म्हणाला, "हाय की!"

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "मुक्ते, रॅम्प म्हंजी काय गं?"

मुक्ताबाईनं कोथरूडच्या सोसायट्या बघितल्या होत्या. म्हणाली, "स्कूटर वर चढवायला उतार करत्यात न्हाई का, त्यो."

झालं! भवानी पेठेतून लाकूड आलं, सुतारानं चौकटी ठोकल्या, वर प्लायवूड बसवलं आणि टोकाला मला झकास उतार काढला. हॉटेलात मला बघून शोचे दिग्दर्शक श्यामसुंदर डोक्याला हात लावून उभे राहिले.

"अहो, हे काय? मुलींनी घसरगुंडी खेळायचीय का?"

"साहेब, रॅम्प हाय. मजबूत हाय. दोन बजाज एकदम चढत्याल."

मग धावपळ. उताराच्या तुकड्याखाली ठोकळे सारून तो कसाबसा सपाट केला. फक्त सांध्यात बोटभर फट राहिली. "गालिचा टाकला की दिसत न्हाई," संभाजी म्हणाला. दिसत नव्हतीच म्हणा.

शोच्या दिवशी मुंबईच्या मुलींची एक गाडी खंडाळ्याच्या घाटात अडकली. निम्म्या मुली आल्या, निम्म्या नाहीत. कपडे मात्र सगळे आलेले. श्यामसुंदर केस उपटायचेच बाकी होते. तेवढ्यात त्यांना इस्त्री करणारी एक उंच मुलगी दिसली. कॉलेजच्या मुलींना मदतीला बोलावलं होतं, त्यातली.

"तू चालशील का?"

"कुठपर्यंत?"

"त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं."

"परतच यायचंय तर जायचं कशाला?"

ही आम्रपाली. खडकीची. वडील धोंडिबा दारूगोळ्याच्या कारखान्यात, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. बुद्धांना जेवायला बोलावणारी आणि राजपुत्रांनी कितीही आमिषं दाखवली तरी ते आमंत्रण न सोडणारी जी आम्रपाली, तिचं नाव धोंडिबांनी लेकीला मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पण लेक वाढली ती वाढतच गेली. शेजारच्या दुर्गाबाई तिच्या आईला म्हणायच्या, "कांताबाई, जावयाला हार घालायला शिडी आणून ठेवा." हे सगळं आम्रपालीनंच पुढे कधीतरी माझ्या कडेवर बसून मैत्रिणीला सांगितलं. माझ्या कडेवर बसून माणसं खरं बोलतात. मी ऐकतोय हे कुणाच्या गावीही नसतं.

तर ती निघाली. दुसरीचे सँडल, एक नंबर लहान. शिकवलं कोणी नव्हतं. समोर बघून सरळ चालली, लोकल सुटायच्या आत स्टेशन गाठायचं असावं तशी. आणि टोकाच्या अलीकडे तिची उजवी टाच खच्चकन माझ्या फटीत!

दुसरी असती तर तोंडावर आपटली असती. ही थांबली. कमरेवर हात ठेवला, टाच कुठे अडकलीय ते बघायला खांद्यावरून मागे वळून पाहिलं, पाऊल हळूच उपसलं आणि पुढे गेली. एवढंच घडलं. पण सभागृहाचा श्वास अडकला. तिची टाच अडकली होती आणि लोकांना ती अदा वाटली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, कमरेवर हात, मान मागे वळलेली.

मग काय विचारता! सहा महिन्यांत ती मुंबईला गेली. साबण, साड्या, सूटिंगचं कॅलेंडर, कर्वे रस्त्यावरचं भलंमोठं होर्डिंग. आडनाव गळून पडलं, नुसती आम्रपाली. प्रत्येक शोमध्ये टोकाच्या अलीकडे ती थांबायची आणि मागे वळून बघायची. फट असो की नसो. पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांनी त्याला नाव ठेवलं, "आम्रपाली थांबा." बसचा थांबा असतो ना, तसा. साध्या पोरीही फर्ग्युसन रस्त्यावर चालता चालता मधेच थांबून मागे बघू लागल्या. त्यामुळे सायकली एकमेकींवर आदळल्या म्हणे. खरंखोटं पुणेकर जाणे.

एक माणूस मात्र तिला बघायला कधीच आलं नाही. तिची आई. पुण्यात शो असला की आम्रपाली पहिल्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवायची. माझ्या टोकासमोरच असायची ती, त्यामुळे मला चांगली ठाऊक आहे. दर वेळी रिकामी. धोंडिबा एकदा आले, मागे उभे राहिले आणि न भेटता गेले. कांताबाई तेवढंही नाहीत. त्यांचं म्हणणं पोरीनं एकदा नक्कल करून मैत्रिणीला ऐकवलं होतं, "पोटच्या पोरीकडं लोक टक लावून बघणार आणि ते मी बघत बसू व्हय? आन् चालायला कसली आलीय अक्कल? मी बी चालती की रोज, दळणाला." मैत्रीण हसली. आम्रपाली हसली नाही.

पुढे माझ्यावरून बरंच जग गेलं. लग्नं झाली, रक्तदान शिबिरं झाली. कोथरूडच्या क्लासवाल्यांनी गुणवंतांचे सत्कार केले, तेव्हा पोरांपेक्षा आयांचीच पावलं जास्त थरथरायची. संभाजीच्या ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि त्या इमारतींतली पोरं वर्षातून एकदा गळ्यातल्या ओळखपत्रासकट माझ्यावर नाचू लागली. त्याबद्दल न बोललेलं बरं.

नव्या मॉडेलही आल्या, दर वर्षी नव्या. चालायच्या छान, उगाच नावं का ठेवू? पण माझ्यावरून उतरल्या की दुसऱ्या दिवशी कुणाला नाव आठवायचं नाही. आम्रपालीचं नाव मात्र कोणीतरी काढायचंच. मी पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तेव्हा सगळं गाव एकाच होर्डिंगखालून जायचं. आता ज्याच्या त्याच्या हातात वेगळा फोन आणि त्यात वेगळी बाई. शिवाय तिचं नाव निघालं की लोक तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि मग स्वतःबद्दलच सुरू व्हायचे. तेव्हा माझ्याकडे लूना होती, तेव्हा माझे केस कसे होते. म्हातारपण जवळ आलेली माणसं आपलं तारुण्य तिच्याकडे ठेवून गेली होती, आणि अधूनमधून ते जागेवर आहे ना, एवढं बघून जायची.

मग ॲल्युमिनियमचे स्टेज आले आणि मी गोदामात पडलो. करोनात तर दोन वर्षं धंदाच बंद. मुक्ताबाई माझ्यावर शेंगा वाळत घालायची. उंदरांनी गालिचा खाल्ला.

बावीस साली एक इव्हेंटवाली मुलगी आली, सोनाली नावाची. हिंजवडीच्या एका कंपनीची माणसं घरून काम करून करून आळसावली होती, त्यांना ऑफिसात परत आणायला मोठा सोहळा होता. थीम नव्वदचं दशक. "काका, मला एकदम ओरिजिनल रॅम्प हवाय," ती संभाजीला म्हणाली. "ज्यावर आम्रपाली चालली होती ना, तो."

"हाय की," संभाजी म्हणाला. या वेळी खरंच होता.

हॉलमध्ये मला जोडलं. कंपनीचे साहेब अनिरुद्ध पाहणीला आले, पन्नाशीचे, टकलावरून दर दोन मिनिटांनी हात फिरवणारे. त्यांनी विचारलं, "अजून चालते का ती?"

"चालते म्हणजे सर? वॉक करते का, की डिमांड आहे का?"

"दोन्ही गं," साहेब म्हणाले आणि लाजले. आता बोला!

आदल्या दिवशी आम्रपाली तालमीला आली. साध्या चपला. पहिलं पाऊल पडलं आणि माझ्या लक्षात आलं. सगळा भार डाव्यावर, आणि उजवा पाय तापल्या तव्यावर ठेवावा तसा. सोनालीलाही काहीतरी जाणवलं असावं. ती म्हणाली, "मॅम, तुम्ही चेअरवर बसलात तरी चालेल. आपण फक्त सत्कार करू."

"बसून सत्कार घ्यायचं वय झालं की कळवते तुम्हाला," आम्रपाली म्हणाली. खडकीची ती, मुंबईनं काही बिघडवली नव्हती.

सगळे गेल्यावर ती माझ्या कडेवर बसली आणि तिनं फोन लावला. "जयभीम, आई. उद्या गाडी पाठवतेय... अगं, ऐक तर. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मग उंच टाचा बंद, हे सगळं बंद. उद्याचं शेवटचं... नाही, लोक काय, लोकांनी खूप बघितलंय. तू एकदा बघ. एकदाच. मी नीट चालते की नाही, एवढं तू सांग." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ गुडघा चोळत बसली. मला तिची दया आली. लाकडाला दया येते, यावर तुमचा विश्वास नसेल तर राहू द्या.

इथेच माझं स्वतःचं उरकून घेतो, म्हणजे शेवटी रडगाणं नको. त्या सोहळ्यानंतर माझे तुकडे झाले. दोन चौकटींवर कोपऱ्यावरची भाजीवाली बायडाबाई माल मांडते, एक गोठ्यात गेली. बोलतोय तो टोकाचा तुकडा. माझ्याखालचे ठोकळे काढून संभाजीनं मला गोदामाच्या दाराशी उतार म्हणून लावलाय, टेम्पोत सामान चढवायला. म्हणजे मुक्ताबाईचंच खरं झालं. मला वाईट वाटत नाही. एकच विनंती आहे, कुणी उंच टाचांवर तुमच्यासमोरून ऐटीत गेलं, तर चेहरा बघून झाल्यावर क्षणभर पायही बघा.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

पहिल्या रांगेतली खुर्ची भरली होती. कांताबाई आल्या होत्या! पांढरी साडी, निळे काठ, हातात काठी, मांडीवर पर्स गच्च धरलेली. आल्या होत्या, पण मान खाली. बघत होत्या त्या स्वतःच्या चपलांकडे.

दिवे मालवले, गाणं लागलं, आणि आम्रपाली आली. चंदेरी साडी, उंच टाचा. मी सांगतो, चालली. गुडघा दुखत होता तरी प्रत्येक पाऊल जिथं पडायला हवं तिथंच पडलं. टोकाच्या अलीकडे ती थांबली. कमरेवर हात, मान मागे. हॉल नुसता पेटला! शिट्ट्या काय, टाळ्या काय, हजारभर फोन वर. अनिरुद्ध साहेब तर खुर्चीवर चढले.

आता पुढे जायचं. ती गेली नाही.

गुडघा आखडला होता. वरून काही दिसत नव्हतं, ती हसतच होती. पण तिचं पाऊल माझ्यावर थडथडत होतं. लोकांना वाटलं, काय जबरदस्त थांबा! टाळ्या आणखी वाढल्या. मग त्या थकल्या, विरळ झाल्या, आणि ती अजून तिथंच. हसू तेच, मानेवर घाम.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "चल की गं! थांबलीस का?"

लोक हसले. कांताबाईंनी आता मान वर केली होती. त्यांनी हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाय पाहिला. आणि त्या उठल्या.

सोनाली धावली. "आजी, वर नाही जायचं! अलाउड नाहीये!"

"तुझ्या आजीला सांग जा."

संभाजीनं खुर्ची सरकवली. चपला खाली काढून कांताबाई तिच्यावरून वर आल्या. भेगाळलेल्या टाचा, अनवाणी. काठी टेकत लेकीजवळ गेल्या. तिच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हत्या, तिच्या कमरेला हात घालून म्हणाल्या, "टाक भार माझ्यावर."

"आई, नको, सगळे बघतायत."

"बघू दे."

आणि तेव्हा त्यांनी समोर पाहिलं. दिवे थेट डोळ्यांत, पलीकडे काळोख, आणि काळोखात आपल्यावर रोखलेल्या सगळ्यांच्या नजरा. इथून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. लेकीच्या कमरेवरचा हात आवळला गेला. त्यांचे तळवे माझ्यावर गार पडले.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "एवढी समदी बघत असायची व्हय तुझ्याकडं?"

"हो."

"आन् तू एकटीच चालायचीस?"

खालून मला फक्त आम्रपालीची हनुवटी आईकडे वळलेली दिसली. मग तिनं सगळा भार आईवर टाकला आणि दोघी हळूहळू परत निघाल्या.